भूतकाळाच्याही मागचा भूतकाळ : फ्रेंच क्रियापदाचा एक पाठ

गेल्या काही वर्षांत आपल्या निवासी शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन शहरातील कनिष्ठ महाविद्यालयांत गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली आहे. अशीच एक माजी विद्यार्थिनी दिवाळीच्या सुटीत आम्हाला भेटावयास आली. तिच्या वहीतील एक पान लाल शाईने भरले होते. त्या पानावर एका भूतकाळाची रूपे होती आणि जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकले होते. वही मिटून ती म्हणाली, "सर, ही भाषा आपल्यासारख्यांसाठी नाही."

वहीतील चुका दुरुस्त होण्याजोग्या होत्या. तिचे हे वाक्य मात्र आम्हाला दुरुस्त करावेसे वाटले. शाळेत शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांना संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. पुढे त्यांनी स्वतःच्या बळावर संस्कृताचा अभ्यास केला. भाषेचे दार बाहेरून बंद केले जाणे आमच्या समाजाने भोगले आहे. तेच दार आतून आपल्या हातांनी लावून घेण्याचे आता काही कारण नाही. आम्ही मुळात इतिहासाचे शिक्षक. फ्रेंच आम्ही उशिरा, आणि तीही फ्रेंच पंडितांचे बौद्ध धर्मावरील ग्रंथ वाचता यावेत म्हणून शिकलो. तरीही त्या मुलीसोबत त्या पानावर दोन तास बसल्यावर आमच्या ध्यानात आले की, तिला अडलेला काळ तिच्या मराठीत आधीपासूनच आहे, आणि तो काळ इतिहासाच्या अभ्यासकाचाच काळ आहे. त्या दोन तासांचा हा पाठ.

१. हा काळ काय सांगतो?

या काळाचे फ्रेंच नाव 'प्ल्यूस्-क-पार्फे'. 'प्ल्यूस्' म्हणजे अधिक, 'क' म्हणजे 'हून', 'पार्फे' म्हणजे पूर्ण. एकूण अर्थ 'पूर्णाहूनही अधिक पूर्ण'. भूतकाळात दोन घटना घडल्या असतील, तर त्यांपैकी जी आधी घडून गेली तिच्यासाठी हा काळ वापरतात. म्हणूनच आम्ही त्याला भूतकाळाच्याही मागचा भूतकाळ म्हणतो.

दोन मराठी वाक्ये घेऊ. 'मी पोहोचलो तेव्हा गाडी निघाली.' 'मी पोहोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती.' पहिल्या वाक्यातील प्रवाशाला गाडी दिसली, कदाचित धावत जाऊन मिळालीही असेल. दुसऱ्या वाक्यातील प्रवासी रिकाम्या फलाटावर उभा आहे. फ्रेंचमध्ये पहिल्या गाडीसाठी 'ल त्रें ए पार्ती' म्हणतील आणि दुसऱ्या गाडीसाठी 'ल त्रें एते पार्ती'. 'ए' आणि 'एते' यांत एका अक्षराचा फरक, पण घटनांचा क्रम त्याने पूर्ण बदलतो.

येथे एक खुलासा करतो. या पाठात फ्रेंच शब्दांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. फ्रेंच शब्दांत 'ज' हे अक्षर आले की 'प्लेझर' या इंग्रजी शब्दातील मधला मऊ ध्वनी समजावा, आणि 'झ' आले की 'झरा' या शब्दातील ध्वनी. रोमन लिपीतील लेखन विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातून पाहून शेजारी लिहावे.

२. घडण

मराठीत 'लिहिले होते' या रूपाचे दोन भाग आहेत : 'लिहिले' हे कृदन्त आणि 'होते' हे सहायक क्रियापदाचे भूतकाळी रूप. फ्रेंचमध्येही नेमके तेच दोन भाग आहेत, फक्त त्यांचा क्रम उलटा असतो. आधी सहायक क्रियापद येते, मग कृदन्त. सहायक क्रियापद 'एंपार्फे' या अपूर्ण भूतकाळात ठेवावयाचे आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक कृदन्त जोडावयाचे. एवढाच नियम.

'एक्रीर' म्हणजे लिहिणे. त्याचे कृदन्त 'एक्री'. सहायक क्रियापद 'आव्ह्वार', म्हणजे 'जवळ असणे'. त्याची रूपे अशी :

जाव्हे एक्री : मी लिहिले होते
त्यू आव्हे एक्री : तू लिहिले होतेस
ईलाव्हे एक्री : त्याने लिहिले होते
एलाव्हे एक्री : तिने लिहिले होते
नूझाव्हियों एक्री : आम्ही किंवा आपण लिहिले होते
व्हूझाव्हिये एक्री : तुम्ही लिहिले होते
ईलझाव्हे एक्री : त्या पुरुषांनी लिहिले होते
एलझाव्हे एक्री : त्या स्त्रियांनी लिहिले होते

ही यादी मोठ्याने म्हणून पाहावी. 'एक्री' कोठेही बदलत नाही. सहायक क्रियापदाचे ध्वनी केवळ तीन आहेत : आव्हे, आव्हियों, आव्हिये. लिहिताना 'आव्हे'ची शेवटची अक्षरे बदलतात. 'मी' आणि 'तू' यांच्यासोबत शेवटी 'एस', 'तो' आणि 'ती' यांच्यासोबत 'टी', अनेकवचनी 'ते' आणि 'त्या' यांच्यासोबत 'ई-एन-टी'. कानाला मात्र ती सगळी सारखीच लागतात. म्हणून आधी कानाने पाठ करावे, मग हाताने. आमच्या विद्यार्थिनीने आधी लेखन घोकले होते आणि ध्वनी दुर्लक्षिला होता. निम्मा घोटाळा तेथेच होता.

'त्यू' आणि 'व्हू' यांतील भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. घरातील धाकट्याला 'त्यू', शिक्षकांना आणि अनोळखी वडीलधाऱ्यांना 'व्हू'. ज्यांच्या आजोबांना गावात कोणीही, कोणत्याही वयाचा माणूस, 'अरे-तुरे' करीत असे, त्यांना या भेदाचे मोल अधिकच कळेल.

३. 'आव्ह्वार' की 'एत्र'?

सर्वच क्रियापदे 'आव्ह्वार' घेत नाहीत. काही थोडी क्रियापदे 'एत्र', म्हणजे 'असणे', हे सहायक घेतात. त्याची रूपे : जेते, त्यू एते, ईलेते, एलेते, नूझेतियों, व्हूझेतिये, ईलझेते, एलझेते.

ही क्रियापदे बहुतेक येणे-जाणे आणि अवस्था पालटणे सांगणारी आहेत. आले म्हणजे जाणे, व्हनीर म्हणजे येणे, आरिव्हे म्हणजे पोहोचणे, पार्तीर म्हणजे निघणे, आंत्रे म्हणजे आत शिरणे, सोर्तीर म्हणजे बाहेर पडणे, मोंते म्हणजे वर चढणे, देसांद्र म्हणजे खाली उतरणे, तोंबे म्हणजे पडणे, रेस्ते म्हणजे राहणे, नेत्र म्हणजे जन्मणे, मुरीर म्हणजे मरणे. यांतील 'आले' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांना हसवतो, कारण फ्रेंच 'आले' म्हणजे मराठी 'गेले'. हसून लक्षात राहिलेले सहसा विसरत नाही. यांशिवाय स्वतःवरच क्रिया करणारी, म्हणजे आत्मवाचक, क्रियापदेही 'एत्र' घेतात.

येथे मराठी पुन्हा मदतीला येते. 'तो गेला होता, ती गेली होती, ते गेले होते, त्या गेल्या होत्या' : मराठीत अशा अकर्मक क्रियापदाचे कृदन्त कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्येही 'एत्र' घेणाऱ्या या येण्या-जाण्याच्या क्रियापदांचे कृदन्त कर्त्याप्रमाणे बदलते. बहुधा हा बदल लेखनातच दिसतो. 'मुरीर'मध्ये तो ऐकूही येतो : 'ईलेते मोर' म्हणजे तो वारला होता, 'एलेते मोर्त' म्हणजे ती वारली होती.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. मराठीत प्रत्येक अकर्मक क्रियापद असे वागते, फ्रेंचमध्ये केवळ वरच्यासारखी मोजकीच. झोपणे, चालणे, हसणे, सुरू होणे ही फ्रेंचमध्ये 'आव्ह्वार'च घेतात. तसेच 'मोंते'ला कर्म मिळाले, म्हणजे 'चढणे' ऐवजी सामान 'वर नेणे' असा अर्थ झाला, की तेही 'आव्ह्वार'कडे जाते.

४. कर्माशी जुळणारे कृदन्त

फ्रेंच शिकणारे सर्वाधिक घाबरतात ते या नियमाला. 'आव्ह्वार'सोबतचे कृदन्त कर्त्याप्रमाणे बदलत नाही. परंतु थेट कर्म क्रियापदाच्या आधी आले, तर कृदन्त त्या कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. ज्यांच्या भाषेत असे काही नाही, त्यांना हा नियम विचित्र वाटतो. मराठी मुलाला तो वाटू नये. 'मी ग्रंथ लिहिला होता, मी चिठ्ठी लिहिली होती, मी पत्र लिहिले होते' असे आपण रोज बोलतो. लिहिणारा एकच, पण क्रियापद ग्रंथाचे, चिठ्ठीचे, पत्राचे रूप घेते. आपल्या व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात, आणि तो आपण पाचवी-सहावीच्या आधीच बिनचूक करू लागतो.

फ्रेंचमध्ये 'मी चिठ्ठी लिहिली होती' हे 'जाव्हे एक्री ला लेत्र' असे होईल. 'लेत्र', म्हणजे चिठ्ठी, क्रियापदानंतर आली, म्हणून 'एक्री' तसेच राहिले. पण 'मी लिहिलेली होती ती चिठ्ठी' म्हणावयाचे असेल तर 'ला लेत्र क जाव्हे एक्रीत'. चिठ्ठी आधी आली, ती स्त्रीलिंगी, म्हणून 'एक्री'चे 'एक्रीत' झाले. मराठीत कर्म कोठेही असो, जुळणी होते. फ्रेंचमध्ये कर्म आधी असेल तरच. लक्षात ठेवावयाचा फरक एवढाच.

५. मराठी माणसाचा सापळा

जी मराठी इतकी मदत करते, तीच एके ठिकाणी फसवते. आपण सहज म्हणतो, 'मी काल मुंबईला गेलो होतो.' येथे दुसरी कोणतीही घटना नाही. गेलो आणि परत आलो, एवढेच सांगावयाचे आहे. फ्रेंच माणूस येथे 'प्ल्यूस्-क-पार्फे' वापरणार नाही. तो साध्या पूर्ण घटनेचा काळ, म्हणजे 'पासे कोंपोझे', वापरील : 'इयेर, ज स्वी आले आ मुंबई.' आमच्या विद्यार्थिनीच्या वहीतील उरलेल्या निम्म्या चुका याच होत्या. जेथे जेथे मराठीत 'होता-होती-होते' दिसले, तेथे तेथे तिने हा काळ बसवला होता.

यावर उपाय सोपा आहे. वाक्य लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे : 'कशाच्या आधी?' उत्तरादाखल भूतकाळातील दुसरी घटना किंवा दुसरा क्षण मिळाला, तर 'प्ल्यूस्-क-पार्फे'. न मिळाल्यास 'पासे कोंपोझे'.

६. नकार, 'आधीच' आणि 'जर'

मराठीत 'लिहिले नव्हते' म्हणताना नकार मुख्य क्रियापदाला न लागता 'होते'ला लागतो. फ्रेंचमध्येही नकाराचे दोन तुकडे सहायक क्रियापदालाच दोन्ही बाजूंनी वेढतात : 'ज नाव्हे पा एक्री.' 'आधीच' या अर्थाचा 'देजा' हा शब्द सहायक आणि कृदन्त यांच्या मध्ये बसतो : 'जाव्हे देजा एक्री', म्हणजे मी आधीच लिहिले होते.

'जर' या अर्थाच्या 'सी'नंतर हाच काळ येऊन न घडलेली गोष्ट सांगतो. 'सी जाव्हे स्यू' म्हणजे 'मला कळले असते तर'. मराठीत आपण दोन्ही उपवाक्यांत 'असते' वापरतो : 'कळले असते तर आलो असतो.' फ्रेंचमध्ये 'जर'च्या भागात 'प्ल्यूस्-क-पार्फे' आणि 'तर'च्या भागात संकेतार्थाचे वेगळे रूप येते. आमच्या वडिलधाऱ्यांच्या बोलण्यात 'शाळेत घातले असते तर' हे वाक्य किती वेळा येत असे, हे स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको.

७. इतिहासाच्या पानावर

आता हा काळ एवढा महत्त्वाचा का, ते पाहू. फ्रेंच राज्यक्रांती म्हटले की बहुतेकांना १४ जुलै १७८९ हा बास्तीय किल्ला पडल्याचा दिवस आठवतो. जणू जमाव एकाएकी उसळला आणि क्रांती झाली. परंतु त्याआधी १७ जून रोजी सामान्य जनांच्या, म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या, प्रतिनिधींनी आपण राष्ट्रीय सभा असल्याचे जाहीर केले होते. फ्रेंचमध्ये : 'ल कातोर्झ ज्वीये, ल त्येर्झेता सेते देजा प्रोक्लामे आसांब्ले नास्योनाल.' येथे 'सेते' हे आत्मवाचक रूप आहे, म्हणून सहायक 'एत्र'. त्याहीपूर्वी, त्या वर्षाच्या वसंत ऋतूत, गावोगावी गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहिल्या गेल्या होत्या. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची गाऱ्हाणी गावातील लिहित्या माणसांनी उतरवून घेतली होती. 'शेतकऱ्यांनी लिहिलेली होती ती गाऱ्हाणी' याला फ्रेंचमध्ये म्हणावे : 'ले प्लेंत क ले पेइझां आव्हे एक्रीत.' कृदन्ताने येथे गाऱ्हाण्यांचे लिंगवचन घेतले. हा मागचा काळ काढून टाकला तर उरतो तो केवळ दंगा. तो परत ठेवला की दिसते ते आधी रीतसर मांडलेले मागणे.

महाडचा इतिहास याच नियमाने वाचावा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. काही जण आजही असे सांगतात की, त्या दिवशी काहीतरी नवेच मागितले गेले. क्रम तसा नाही. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले असल्याचे ठरवले होते. म्हणजे अधिकार आधीच मान्य झाला होता, तो बजावण्यासाठी माणसे चालत गेली. 'ला म्युनिसिपालिते आव्हे देजा उव्हेर ल रेझेर्व्ह्वार' : नगरपालिकेने तळे आधीच खुले केले होते. या वाक्यातील 'आव्हे देजा' एवढे दोन शब्द गाळले की न्याय मागणारा माणूस आगळीक करणारा ठरतो.

महाड आणि फ्रान्स यांचा हा संबंध आम्ही ओढूनताणून जोडलेला नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनीच आपल्या सभेची तुलना १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच सभेशी केली. पुढे ३ ऑक्टोबर १९५४ रोजीच्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी हेही स्पष्ट केले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपण आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, पॅरिसने ते शब्द उच्चारले तेव्हा तथागतांनी ती शिकवण देऊन ठेवली होती.

फ्रेंच पंडितांकडेही एवढ्यासाठीच पाहावे. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात एमिल सनार या फ्रेंच विद्वानाची जातीची व्याख्या तपासली आहे. सनार यांनी अशोकाच्या शिलालेखांवरही काम केले होते. त्यांच्याही आधी यूजेन ब्युर्नुफ यांनी ख्रिस्तियान लासेन यांच्यासह १८२६ साली पाली भाषेवर निबंध प्रसिद्ध केला आणि १८४४ साली भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची प्रस्तावना लिहिली. त्यांचा सद्धर्मपुंडरीकाचा फ्रेंच अनुवाद १८५२ साली बाहेर आला, तेव्हा ते वारले होते : 'ब्युर्नुफ एते मोर.' अनुवाद मात्र त्यांनी कितीतरी आधी पूर्ण केला होता. जो धम्म येथे विसरला गेला होता, त्याची पुस्तके दूर देशी वाचली जात होती. ती ज्या भाषेत लिहिली गेली, ती भाषा आपल्यासारख्यांसाठी नाही असे कसे म्हणावे?

स्वाध्याय

पुढील वाक्ये फ्रेंचमध्ये सांगा. उत्तरे झाकून ठेवावीत.

१) आम्ही लिहिले होते.
२) ती निघून गेली होती.
३) तुम्ही वाचले नव्हते. ('वाचणे'चे कृदन्त 'ल्यू'.)
४) मी काल पुण्याला गेलो होतो आणि परत आलो. (केवळ पहिला भाग.)
५) आम्ही पोहोचलो तेव्हा शाळा आधीच सुरू झाली होती.

उत्तरे : १) नूझाव्हियों एक्री. २) एलेते पार्ती. ३) व्हू नाव्हिये पा ल्यू. ४) इयेर, ज स्वी आले आ पुणे. 'कशाच्या आधी?' याला उत्तर नाही, म्हणून 'पासे कोंपोझे'. ५) कां नू सॉम आरिव्हे, लेकोल आव्हे देजा कोमांसे. 'सुरू होणे' येथे 'आव्ह्वार' घेते.

पाचवे वाक्य आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले. त्या दिवाळीत आमच्या विद्यार्थिनीने ते पहिल्या प्रयत्नात बरोबर सांगितले, आणि मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "सर, आपण उशिरा पोहोचलो, एवढेच." आम्ही म्हणालो, "होय. पण वर्ग अजून चालू आहे." तिने वही पुन्हा उघडली.